न सापडावा असा नियम

“या तुमच्या कोण?”

“वहिनी,” मी म्हणाले. “माझ्या लेखनिक. मी सांगते, त्या लिहितात.”

“सख्ख्या वहिनी?”

“सख्ख्या भावाची बायको.”

टेबलापलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला गेला. वाईट बातमी सांगण्याआधी माणसं चष्मा का काढतात कोण जाणे, पण काढतात.

“मग नाही जमणार, ताई. नवीन नियम आलेत. लेखनिक नात्यातला चालणार नाही. आणि उमेदवारापेक्षा दोन इयत्ता कमी शिकलेला हवा. या तर बी. ए. आहेत.”

हे बोलणारे रघटाटे सर त्या शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि रविवारच्या परीक्षेसाठी त्यांना केंद्रप्रमुख नेमलं होतं. तो गुरुवार होता, तीन मार्च एकोणीसशे चौऱ्याण्णव. राज्य शासनाच्या कार्यालयांमध्ये टेलिफोन ऑपरेटर नेमायचे होते, त्याची लेखी परीक्षा. मी तेव्हा एका खाजगी दवाखान्याच्या फोनवर बसायची. वयाच्या अटीमुळे ही माझी शेवटची संधी होती. मे महिन्यात मी वयातून बाद होणार होते.

“पण सर, वहिनीच्या नावानं परवानगी मिळाली आहे. डिसेंबरात. हे बघा पत्र.”

“पत्र खरं आहे,” सर म्हणाले. “पण त्यानंतर हे परिपत्रक आलं. सोबत नियम जोडलेत. मी काय करू? आमच्या शाळेतली नववीतली एखादी मुलगी देतो तुम्हाला. अक्षर चांगलं असेल अशी.”

वहिनी टेबलाशी पुढे सरकली. ती म्हणाली, “सर, ही तोंडी गणितं करते. मधला आकडा बाजूला लिहायचा, कोणता खोडायचा, कोणता ठेवायचा, हे आम्ही दोन वर्षं बसवलंय. दोन दिवसांत नवीन मुलीला कसं समजणार?”

“मला कळतं हो,” सर म्हणाले. “पण नियम म्हणजे नियम.”

*

मी जन्मापासून आंधळी नाही. सातव्या वर्षी गोवर झाला, त्यात डोळे गेले. आई-वडील लवकर वारले. दादा एसटीच्या आगारात मेकॅनिक होता, आणि त्याचं लग्न झालं तेव्हा मी सोळा वर्षांची होते. नवी नवरी घरात आल्यावर आंधळ्या नणंदेचं काय होतं, हे शेजारणींनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. शशिकलावहिनीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, “तुला वाचून काय दाखवू?” तेव्हापासून ती वाचतच होती. तुरीच्या शेंगा सोलता सोलता ती मला इतिहास वाचून दाखवायची, आणि भाकरी थापताना सामान्य ज्ञान. मी बी. ए. झाले ती तिच्या डोळ्यांनी.

त्या दिवशी आम्ही शाळेतून परतलो तेव्हा ओट्यावर चिंचमलातपुरेकाका बसले होते. आमच्या समोरच्या घरात राहायचे. नागपूरच्या सरकारी छापखान्यात त्यांनी मुद्रितशोधक म्हणून एकतीस वर्षं नोकरी केली होती. छापायला जाण्याआधी प्रत्येक ओळ वाचायची आणि चूक असेल तर खूण करायची, हे त्यांचं काम. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दारात कोण उभं आहे हेही ते आवाजावरूनच ओळखायचे. त्या बाबतीत आम्ही दोघं बरोबरीचे.

“काहून गं, वैजू? आज चपला घासत येऊन राहिली?”

वहिनीनं सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज एकदाच फाटला, “नववीतली मुलगी” म्हणताना.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “परिपत्रक पाहिलं तू?”

“पाहिलं. सरांनी हातात दिलं होतं.”

“त्याच्यात राजपत्राची तारीख होती?”

“कशाची?”

“राजपत्र, बाई! शासनाचं राजपत्र. नियम असा कोणाच्या टेबलावर जन्मत नाही. मंत्र्यानं सही केली, सचिवानं केली, तरी तो नियम नाही. राजपत्रात छापून बाहेर पडला, त्या दिवशी तो जन्मला. परिपत्रक म्हणजे काय? सायबानं सायबाला लिहिलेली चिठ्ठी. नियमाचे दात त्याला नसतात.”

“तारीख नव्हती,” वहिनी म्हणाली. “मी दोनदा वाचलं. नियम होते नुसते, एकपासून अकरापर्यंत.”

“मग उद्या आपण जिल्हा ग्रंथालयात जाऊ. तिथं राजपत्राचे अंक येतात, कोणी उघडून पाहत नाही ते सोडा. जानेवारीपासूनचा एकूण एक अंक वाचायचा.”

“आणि काय शोधायचं?” मी विचारलं.

“शोधायचं काही नाही, पोरी. आपल्याला तो नियम न सापडायला पाहिजे.”

*

ग्रंथपाल मोहोड यांनी गठ्ठे आणून टेबलावर आपटले तेव्हा धुळीनं आम्हा तिघांनाही शिंका आल्या. “बारा वर्षं झाली मला इथं,” ते म्हणाले. “राजपत्र मागणारे तुम्ही पहिले.” सुतळीच्या गाठी इतक्या घट्ट होत्या की त्यांना कात्री आणावी लागली.

सकाळी दहाला वहिनीनं वाचायला सुरुवात केली. आमच्या तिघांत चालते डोळे दोनच, आणि ते तिचे. “नुसती शीर्षकं वाच,” काकांनी सांगितलं होतं, “पण एकही सोडू नको. पुरवणीसुद्धा. आणि असाधारण अंक वेगळे असतात, तेही.”

जगात काय काय चाललेलं असतं आणि आपल्याला पत्ता नसतो! कुठल्या गावची गायरान जमीन कशासाठी घेतली, कोणत्या नगरपालिकेची हद्द कुठवर गेली, कोण न्यायाधीश रजेवर गेला, कोण परत आला. मग नाव बदलल्याच्या जाहिराती. धोंडू नावाच्या एका माणसानं आपलं नाव धनंजय केलं होतं, आणि आजपासून सर्वांनी त्याला धनंजय म्हणावं असं त्यानं राज्याला कळवलं होतं. वहिनीला हसू आलं. मलाही. त्या दोन दिवसांत आम्ही पहिल्यांदाच हसलो.

“हसा,” काका म्हणाले. “पण छापून आलं म्हणून तो धनंजय झाला. त्याआधी नुसता हट्ट होता.”

जानेवारी संपला. नियम नव्हता. प्रत्येक अंक संपला की वहिनी तो टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवायची, आणि दर वेळी माझ्या छातीवरचं ओझं थोडं हलकं व्हायचं. एक वाजला. मोहोडांनी चहा पाठवला. मी मनातल्या मनात शब्द जुळवत होते, सरांना काय सांगायचं, कसं सांगायचं. सर, आम्ही एकूण एक अंक पाहिला. सर, असा नियमच नाही.

आणि मग फेब्रुवारीच्या पहिल्या अंकात वहिनी वाचता वाचता थांबली.

कोणी पाणी प्यायला थांबतं तशी ती थांबली नव्हती. श्वास अर्धा घेऊन थांबली होती. मग पान उलटल्याचा आवाज आला. मी वाट पाहिली. टेबलावर पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. पुन्हा पान उलटल्याचा आवाज आला.

“काका,” वहिनी म्हणाली. आवाज इतका बारीक की मला तो तिचा वाटला नाही. “आहे. इथं आहे. परीक्षांमध्ये लेखनिकाचं साहाय्य देण्याबाबत नियम. एकपासून अकरा. नियम चार, उमेदवाराचा नातलग लेखनिक म्हणून... सगळं तेच आहे.”

मी टेबलाची कड धरून ठेवली. रागसुद्धा आला नाही मला. उन्हात चालून पाय दुखावेत तसं सगळं अंग दुखायला लागलं. मे महिना आठवला, दवाखान्याचा फोन आठवला, ‘थांबा, डॉक्टरांना जोडून देते’ हे वाक्य आठवलं, जे आता मी म्हातारी होईपर्यंत म्हणणार होते.

“घरी जाऊ या,” मी म्हटलं.

काका जागचे हलले नाहीत. “कुठून वाचून राहिली तू?”

“नियम एकपासून.”

“त्याच्या वरती काय आहे?”

“शीर्षक.”

“शीर्षकाच्या खाली आणि नियम एकच्या वर, मधल्या जागेत. एकतीस वर्षं मी तीच जागा वाचली. लोक तिथूनच उडी मारतात. वाच.”

वहिनीनं घसा साफ केला. शाळेतल्या मुलीसारखी ती एकेक शब्द वाचायला लागली. “ज्याअर्थी... शासनाने पुढील नियम करण्याचे योजिले आहे, त्याचा पुढील मसुदा, त्यामुळे बाधा पोचण्याचा संभव असलेल्या सर्व व्यक्तींच्या माहितीकरिता याद्वारे प्रसिद्ध करण्यात येत आहे...”

“मसुदा!” काका म्हणाले. “पुढे. तारीख असेल बघ.”

“...आणि अशी नोटीस देण्यात येत आहे की, उक्त मसुदा शासनाकडून दिनांक आठ मार्च एकोणीसशे चौऱ्याण्णव रोजी किंवा त्यानंतर विचारात घेण्यात येईल. त्या दिनांकापूर्वी कोणत्याही व्यक्तीकडून ज्या हरकती किंवा सूचना येतील...”

“आज तारीख काय?”

“चार,” मी आणि वहिनी एकदमच म्हणालो.

काकांनी टेबलावर अशी थाप मारली की कपातला चहा सांडला. “अगं, हा जन्मलाच नाही अजून! पोटात आहे! शासन स्वतःच सांगून राहिलं की आठ तारखेपर्यंत आम्ही याच्यावर विचारसुद्धा करणार नाही. मग तुमच्या सहा तारखेच्या परीक्षेला हा लागू होईल कसा?”

“पण काका,” वहिनी म्हणाली, “मग तो सरांकडे कसा आला?”

“कोणीतरी नकलून पाठवताना वरचा भाग गाळला असेल. एवढंच. दुष्टपणा नसतो त्याच्यात. आळस असतो.”

सकाळपासून जे सापडू नये म्हणून मी देवाची करुणा भाकत होते, तेच आमच्या हाती लागलं होतं, आणि त्यानंच आम्हाला तारलं होतं. नियम सापडलाच नसता तर सर म्हणाले असते, तुमच्या नजरेतून एखादा अंक सुटला असेल. आता तसं म्हणायला जागाच उरली नव्हती.

काकांनी मात्र राहिलेले सगळे अंकही वाचून घेतले. “खात्री,” ते म्हणाले. संध्याकाळी पाचला मोहोड स्वतः तो अंक घेऊन आमच्याबरोबर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात आले, कारण अंक बाहेर न्यायची परवानगी नव्हती आणि आम्हाला नाही म्हणायची त्यांची इच्छा नव्हती.

*

शनिवारी रघटाटे सरांनी झेरॉक्स दोनदा वाचली. नंतर त्यांनी कपाट उघडून परिपत्रक काढलं आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले असावेत, कारण एकदा या बाजूचा, एकदा त्या बाजूचा कागद वाजत होता.

“माझ्याकडच्या प्रतीत हा वरचा परिच्छेद नाही,” ते शेवटी म्हणाले. “पण वरच्यांनी मला कार्यवाही करा असं लिहिलंय. मी न करणारा कोण?”

“विचारा त्यांना,” काका म्हणाले. “फक्त एकच गोष्ट विचारा. अंतिम नियमांची राजपत्रातली तारीख.”

सरांनी फोन लावला. तिसऱ्या खेपेला लागला. पलीकडचं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत नव्हतं, पण मी फोनवर पोट भरणारी बाई. माणूस कधी बोलतोय, कधी टाळतोय आणि कधी रिसीव्हरवर हात ठेवून दुसऱ्याला विचारतोय, हे मला कळतं.

“हो साहेब, परिपत्रक मिळालं,” सर म्हणत होते. “त्याबद्दलच विचारतोय. हे नियम राजपत्रात कधी प्रसिद्ध झाले? ...नाही साहेब, मसुदा आहे माझ्यासमोर. मसुदा नाही, अंतिम. ...बरं.”

पलीकडे रिसीव्हरवर हात ठेवला गेला. बराच वेळ.

“सोमवारी? साहेब, परीक्षा उद्या आहे. ...हो, पण मी उद्या काय करू?”

फोन बंद झाला. सरांनी रिसीव्हर हळूच ठेवला.

“काय म्हणाले?” वहिनीनं विचारलं.

“म्हणाले, सोमवारी फाइल पाहून तारीख सांगतो, तोवर परिपत्रकाप्रमाणे करा.”

बाहेर शिपाई बाकांवर नंबर चिकटवत होता. डिंकाच्या डब्यात ब्रश बुडवल्याचा आवाजसुद्धा मला ऐकू येत होता. रघटाटे सरांच्या निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलं असेल. नसती ब्याद त्यांनी अंगावर का घ्यावी? त्यांच्या जागी मी असते तर घेतली असती का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

“तेवीस वर्षं मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवतोय,” सर एकदम म्हणाले. “कायदा कसा होतो, तो धडा मला पाठ आहे. आणि मला वरचा परिच्छेद दिसला नाही.” खुर्ची सरकली. “त्यांची तारीख सोमवारी येणार ना? मग त्यांचा नियम मी सोमवारपासून पाळीन. उद्या डिसेंबरची परवानगीच चालेल.”

ते लिहायला बसले. टाक चालल्यासारखा करकर आवाज करणारं त्यांचं पेन होतं. काका मध्येच म्हणाले, “सर, आदेशात राजपत्राची तारीख आणि पान क्रमांक घाला. ती तुमची ढाल आहे. उद्या कोणी विचारलं तर शासनाचंच तोंड पुढे करा.”

“वाचून दाखवू का?” सरांनी मला विचारलं. त्यांनी सगळा आदेश वाचून दाखवला. मी पोच म्हणून सही करायला पेन घेतलं तेव्हा वहिनीनं नेहमीप्रमाणे माझं बोट कागदावर योग्य जागी टेकवलं.

*

रविवारी मी बोलले आणि वहिनीनं लिहिलं. आम्हाला वेगळी खोली दिली होती आणि एक पर्यवेक्षक बाई पूर्ण वेळ शेजारी बसून होत्या. गणितं सगळी झाली. एक निबंध जरा घाईत झाला. शेवटची घंटा झाली तेव्हा वहिनीची बोटं इतकी आखडली होती की पेन तिच्या हातातून मला काढावं लागलं.

बाहेर कडुनिंबाखाली आम्ही दादाची वाट पाहत बसलो. वहिनी आखडलेली बोटं चोळत होती. मग म्हणाली, “वैजू, मी परवा पान उलटलं होतं.”

“कोणतं?”

“ग्रंथालयात. नियम दिसला ना, मी पान उलटलं. तुला दिसत नाही, काकांना दिसत नाही. म्हटलं, पुढचं वाचायला लागावं. कोणाला कळणार होतं?”

“मी ऐकलं होतं,” मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे मान वळवली असेल. बांगड्या वाजल्या. “मग बोलली का नाहीस?”

“तू परत उलटतेस का, ते ऐकत होते.”

ती रडली. मी तिला रडू दिलं. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, “उलटलं आणि मनात आलं, उद्या तू सांगशील एक आणि मी माझ्या मनानं लिहीन दुसरं, तर तुला काय कळणार आहे? आज एक पान लपवलं तर उद्या माझा हात माझ्यावर विश्वास कसा ठेवेल? मग परत उलटलं गं. उलटताना वाटलं, मी तुझा गळाच कापतेय.”

तिनं ते पान लपवलं असतं, तर आमच्याकडे सरांना दाखवायला काय राहिलं असतं? हे मी तिला बोलून दाखवलं नाही. तिला ते कळलं होतंच.

जूनमध्ये निकाल लागला. त्यानंतर सत्तावीस वर्षं मी कलेक्टर कचेरीच्या फोनवर बसले. रघटाटे सरांना एक खुलासा मागवणारं पत्र आलं, त्यांनी राजपत्राची तारीख कळवली, आणि पुन्हा त्यांना कोणी काही विचारलं नाही. काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं. अंतिम नियम पुढच्या वर्षी राजपत्रात आले, तेव्हा त्यांनीच ते आम्हाला वाचून दाखवले. नातलगावरची सरसकट बंदी त्यात नव्हती. देखरेखीखाली चालेल, असं लिहिलं होतं. ते कोणामुळे बदललं, ठाऊक नाही. हरकती बऱ्याच गेल्या असतील.

आमची एक गेली होती. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सात मार्चला. “आज शेवटचा दिवस,” काका सकाळीच दारात येऊन म्हणाले होते, “तुमचं काम झालं म्हणून घरी बसून राहता काय? तुमच्यासारख्या आणखी किती असतील.” टपाल वेळेत पोचणार नव्हतं, म्हणून आम्ही तार करायला गेलो. मजकूर मी सांगितला आणि वहिनीनं लिहिला: लेखनिक नियमांच्या मसुद्यास हरकत. नातलगावर बंदी नको. देखरेख ठेवा.

तारेच्या खिडकीत आमचा नंबर आला. आम्हा दोघींचे रडून-जागून सुजलेले चेहरे बघून आतल्या बाबूनं आवाज एकदम खाली आणला. “कोण गेलं, बाई?”

“कोणी नाही,” वहिनी म्हणाली. “सगळे सुखरूप आहेत.”

बाबूनं मजकूर पुटपुटत वाचला, परत पहिल्यापासून वाचला, आणि हसला. “अशी तार जन्मात पहिल्यांदा पाठवतोय.”

“आज पोचेल ना?”

“दुपारच्या आत.”

आतलं यंत्र खडखडायला लागलं. ते थांबेपर्यंत आम्ही खिडकीशीच उभ्या राहिलो. मग वहिनीनं माझा हात धरला आणि म्हणाली, “चल घरी. मला सपाटून भूक लागलीय.”

गुरुवारपासून ती धड जेवली नव्हती. मीही नाही.